शिरीषच्या फोटोला हार

श्रावणी सोमवार, संध्याकाळ

शिरीष काम करतो त्या मालिकेत आज त्याला मारून टाकलं. माझ्या धाकट्या भावाच्या, धडधाकट माणसाच्या फोटोला झेंडूचा हार! आणि फोटो कुठला, तर त्याच्या पहिल्या अल्बमवरचा, गिटार घेऊन हसतानाचा. तेव्हा सोलापुरात प्रत्येक वरातीत त्याचंच गाणं वाजायचं. आई उठली आणि मीठ-मोहऱ्या घेऊन टीव्हीवरूनच त्याची दृष्ट काढली. "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय," म्हणाली.

मला काही तो हार बघवेना. आत जाऊन फोन लावला. तोच फोटो द्यायचा कशाला?

"अक्का, मीच दिला. दुसरा हसरा नव्हताच."

मालिका सुटली तर सुटली, आता पुन्हा गा की, म्हटलं. मग म्हणाला, "गळा गेला गं. दोन वर्षं झाली. आईला सांगू नको."

देवा, उपास असून खोटं बोलले. आईला म्हटलं, "नवं गाणं बसवतोय."

तिचा चेहरा असा खुलला! "मग लाव की परत फोन. एक कडवं ऐकते, मगच उपास सोडते."

ताट झाकून ठेवलंय. ती फोनकडे बघत बसलीय.