विणाईखात्यातला रिकामा माग

ता. ४ फेब्रुवारी १९२९, सोमवार

विणाईखात्यात एक माग रिकामा झाला. तिथला जॉबर, म्हणजे माणसं नेमणारा मुकादम, वीरभद्रप्पा स्वतः आमच्या सूतखात्यात आला. "येतोस का रे? हात चांगला हाय तुजा."

"इथंच बरं आहे मला," मी म्हणालो.

कारण लिहून ठेवतो. मागावर आडवं सूत घेऊन धावतो तो धोटा; त्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागतं. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ. आम्ही ख्रिस्ती झालो, तरी मूळचे महारवाड्यातले, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक! आमच्यातला कोणी अजून त्या खात्यात गेलेला नाही.

ता. ५

मी माग नाकारला हे ऐकून हजेरी मांडणारे कमलाकरराव खूष. "शाबास! तू स्टोइक झालास." स्टोइक म्हणजे ग्रीसमधले जुने तत्त्वज्ञ. आपल्या हाती नाही त्याची इच्छाच धरू नये, म्हणजे मन हलत नाही. त्यांच्यात एक गुलामही होता— धन्याने पाय पिरगळला तरी शांत!

बरं वाटलं. बायबलातल्या प्रेषित पौलानेही तुरुंगातून पाठवलेल्या पत्रात समाधानाचंच लिहिलं आहे. दोन्ही एकच की!

ता. ६

आईला सांगितलं. "समाधान व्हय? मग दोन दिस जेवला का न्हाईस?"

ता. १०, रविवार

उपासनेहून आल्यावर पौलाची हकीकत पुन्हा वाचली. अधिकाऱ्यांनी चौकशी न करता त्याला फटके मारले, कोंडलं. तिथेही तो गाणी म्हणत होता. सकाळी निरोप आला— सुटलात, गुपचूप जा. पौल म्हणाला, नाही! कोंडणाऱ्यांनीच येऊन बाहेर न्यावं.

मी दहा वेळा वाचलं. तो गुलाम इच्छा मारून शांत झाला. पौलाला ती मारावी लागली नाही. देव जवळ होता, म्हणून त्याला मागायचं भय नव्हतं. आणि मी? मी धड स्टोइक नाही, धड ख्रिस्ती नाही. नुसता भ्यालो होतो.

ता. ११

माग मागितला! वीरभद्रप्पाने मान खाजवली. "लोकं बोंबलतील की."

"बोंबलू द्या."

"लई शाना झालास. ये उद्या."

कमलाकरराव म्हणाले, "हातची शांती घालवलीस." मला तसं वाटत नाही. आजच आली आहे.

ता. १२

मिठाच्या पाण्याने तीनदा चूळ भरून गेलो. मग स्वतःचाच राग आला. धोटा ओठांना लावला. शेजारचे चौघे माग सोडून बाहेर गेले. "उद्या येऊ नगंस," वीरभद्रप्पा म्हणाला. सूतखात्यातली माझी जागा सकाळीच दुसऱ्याला दिली आहे.

उद्या जाणार. विणाईखात्यातच.