पाकिटात राखी नाही

मळा, वाशीमजवळ
गुरुवार, ३१ जुलै २०२५

ती. शालिग्रामभाऊ,
उज्ज्वलाचा नमस्कार.

पाकीट फोडल्यावर तू ते उलटं करून झटकशील, राखीची पुडी कुठे गेली म्हणून. झटकू नकोस. यंदा पाकिटात राखी नाही. आणून ठेवली आहे, पण तिचं काय करायचं ते शेवटी लिहिते.

इकडे सगळे ठीक. वांगी चांगली लागली आहेत, कोथिंबीर दोनदा निघाली, पालकावर मात्र अळी पडली आहे. शिवमचे बाबा रोज पहाटे माल घेऊन वाशीमला जातात. शिवम शाळेत जाऊ लागला. सायकल अजून बंद आहे, बसने जातो. तुझी तब्येत बरी असेलच. तुला काय होणार आहे?

हे शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, तर आता राहू दे.

भाऊ, कामाचं आधी सांगते, कारण तू अर्धं पत्र वाचून बाजूला ठेवायला कमी करणार नाहीस. तुझ्या मुकेशला सोमवारी वाशीमला घेऊन ये. शिवमला ज्यांनी तपासलं त्याच डॉक्टरांकडे मी सकाळी दहाचा नंबर लावून ठेवला आहे. आणि सोमवारच्या आत त्याला पुन्हा दुखलं, तर सोमवारची वाट पाहू नकोस. गाडी काढ आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर असतील अशा दवाखान्यात थेट ने. तेल नाही, शेक नाही, तो नस उतरवणारा तर अजिबात नाही.

मला कसं कळलं म्हणून वहिनीवर ओरडू नकोस. तिने मंगळवारी शेजारच्या फोनवरून फोन केला. रडत होती. म्हणाली, "ताई, मुकेशले दोनदा झालं तसंच. अर्धा तास नुसता लोळला, ओकला, मंग आपोआप थांबलं. तुमचे भाऊ म्हणतात नस आहे, चोळून आणली." दोनदा! आणि तू चोळून आणलीस! शिवमचं सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर?

मी तुला तीन वेळा फोन लावला. दोनदा तू कापलास, आणि तिसऱ्यांदा उचललास तो नेहमीसारखा स्पीकरवर. मागे चार माणसांच्या गप्पा ऐकू येत होत्या. मी तिथे कसं बोलणार होते? म्हणून हा कागद. मोहनसिंग उद्या टेम्पो घेऊन कारंज्याकडे निघणार आहे, त्याच्या हाती देते. तुझ्याच हातात दे, असं त्याला बजावलं आहे.

आता ते. महिना झाला, कोणी बोलत नाही, मीही नाही. तू तर गावभर "भाच्याचं अपेंडिक काढलं" असं सांगून मोकळा झालास. माहेरून, धनजहून कोणी आलं की मला विचारतात, अपेंडिकचे टाके भरले का? मी हो म्हणते. आज मी नीट लिहिते. शिवमचा डावा अंडकोष काढावा लागला. तो आत पिळला गेला होता आणि काळा पडला होता. तुझी बहीण असले शब्द लिहिते म्हणून तुला कसंसं झालं असेल तर होऊ दे.

तू पोहरादेवीहून येताना आमच्याकडे मुक्कामाला थांबलास, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. हे माल घेऊन गेलेले. साडेपाचला शिवम पोट धरून उठला आणि न्हाणीत ओकला. तू उठलास, त्याला बाजूला घेऊन विचारलंस आणि बाहेर येऊन निकाल दिलास, "काल वांग्याचे कट्टे उचलले ना यानं. भार पडला, नस चढली." तरी मी हट्ट धरला म्हणून पावणेआठला आपण गावच्या दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टरबाई होत्या. लहान वयाची मुलगी, पण तिने एका प्रश्नात ओळखलं. शिवमला म्हणाली, "नक्की कुठे दुखतं? खाली दुखतंय का? मला तपासावं लागेल."

शिवमने तुझ्याकडे पाहिलं. आणि तू म्हणालास, "पोटात दुखते त्याले. बाईमाणसापुढं पोट्टं चड्डी काढन का? दहावीत हाय तो."

ती बिचारी उठून पायरीपर्यंत मागे आली. "दादा, माझ्याकडून नको तर वाशीमला न्या, पण आत्ता न्या. यात तासांचा हिशेब असतो." तू गाडीला किक मारलीस. वाशीमचा रस्ता उजवीकडे होता, तू डावीकडे वळलास. त्या नसवाल्याने त्याला पालथा पाडून कंबर रगडली, जांघेत तेल चोळलं, गरम विटेने शेकलं. माझं लेकरू दातात टॉवेल धरून पडलेलं. अकराच्या सुमाराला दुखणं उतरलं, आणि तू हसून म्हणालास, "पाह्य, उतरली का नाही?" वर चहा मागवलास. मीही प्याले तो चहा.

ते दुखणं का थांबलं ते अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आतला जीव गेला म्हणून थांबलं.

दुपारी हे आले. शिवम पाय फाकवून चालतोय हे पाहिलं, काही न विचारता त्याला खोलीत नेलं, पाहिलं, आणि तसेच गाडीवर घालून वाशीमला. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या आतून नुसतं बोट ओढून पाहिलं. तसं केलं की त्या बाजूची गोळी वर सरकायला हवी, ती सरकली नाही. एक बाजू सुजलेली, वर चढलेली आणि आडवी. मग रंगीत सोनोग्राफी केली. उजवीकडे रक्त खेळताना दिसत होतं, डावीकडे काहीच नाही. लगेच अकोल्याला पाठवलं. पाचनंतर टेबलावर घेतलं, म्हणजे दुखायला लागल्यापासून जवळजवळ बारा तासांनी. ज्या दोरीवर अंडकोष लोंबतो तिला दीड वेढा पडला होता. तो सोडवला, गरम फडक्यात गुंडाळून ठेवला, रंग परत येतो का पाहत थांबले. आला नाही. मग काढला. उजवा आतून टाक्यांनी पक्का बांधून दिला, म्हणजे तो तरी पुन्हा फिरणार नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, कट्ट्यांमुळे झालं का? ते म्हणाले, भार उचलण्याचा संबंध नाही. काही मुलांच्यात जन्मापासूनच तो आत नीट धरलेला नसतो, मोकळा लोंबतो. झोपेतही फिरतो. बारा ते अठरा वयात जास्त. पहिल्या सहा तासांत आणलं तर बहुतेक वेळा वाचतो. मग त्यांनी शिवमला विचारलं, असं आधी कधी झालं होतं? तेव्हा तो म्हणाला, दिवाळीत एकदा. अर्धा तास दुखलं आणि आपोआप गेलं. कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, तो इशारा होता, आपोआप फिरलेला आपोआप सुटला. तेव्हा कळलं असतं तर दोन टाक्यांत काम झालं असतं. घरात दुसरी मुलं आहेत का, हेही विचारलं, कारण काही घरांत एकाहून जास्त मुलांना असतं. मी म्हणाले, नाही, हा एकच. तेव्हा मुकेश माझ्या डोक्यातच नव्हता.

आता कळलं का मला मंगळवारपासून अन्न का जात नाही? अर्धा तास दुखलं आणि आपोआप थांबलं. तुझ्या पोराला तोच इशारा दोनदा मिळाला आहे, भाऊ. आणि त्या पोराने निदान आईला सांगितलं.

शिवम परवा मला काय म्हणाला ऐक. "आई, मामा म्हणे बाईपुढं चड्डी काढायची नाही. अन् अकोल्यात टेबलाभोवती सहा जण होते, त्यातल्या चार बायाच होत्या. मले काही वाटलं नाही. मंग लाज कोणाले वाटून राह्यली होती?" सांग त्याला काय उत्तर देऊ? आणि परवाच तू यांना निरोप पाठवलास की बाहेर कुठे बोलू नका, पोराच्या लग्नाचे वांधे होतील. डॉक्टर म्हणतात एका अंडकोषावर संसार होतो, लेकरं होतात, काही अडत नाही. अडलं ते तुझ्या मिशीला.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. मळ्यात चक्कर मारून आले. सगळा राग तुझ्यावर काढून पत्र बंद करावं असं फार वाटलं. तसं केलं असतं तर ते अर्धंच खरं झालं असतं, आणि तू ते ओळखलं असतंस, कारण तू तिथे होतास.

साडेपाचला न्हाणीतून बाहेर आल्यावर शिवमने पहिल्यांदा सांगितलं ते मला. "आई, खाली दुखून राह्यलं." मला ऐकू आलं होतं. कळलंही होतं. मी तोंड फिरवून म्हणाले, "मामाले सांग ते, मले काय सांगतं?" आणि ओवा आणि गरम पाणी त्याच्या हातात दिलं. आईच्या पुढ्यात लेकरू दुखणं घेऊन आलं आणि मी त्याला तुझ्याकडे ढकललं.

आणि ती डॉक्टरबाई. तू गाडी वळवत होतास तेव्हा तिने माझा हात धरला होता. म्हणाली, "ताई, तुम्ही आई आहात. तुम्ही खरं सांगा, कुठे दुखतं?" दोन तास झाले होते फक्त. वाशीम पाऊण तासावर होतं. मी पदर सावरला, तुझ्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोटातच दुखते."

बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, लग्न लावून दिलंस. तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. त्या दिवशीही नाही पडू दिला. तुझ्यावरचा राग यातून कमी होत नाही, भाऊ. तो आहे तसाच आहे. फक्त त्यात मीही आहे एवढं तुला कळावं. यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. शिवमला सांगायची गरजच नाही, तो गाडीवर तुझ्यामागे बसला होता, त्याने ऐकलं.

तर सोमवारी. मी साडेनऊपासून दवाखान्याच्या दारात उभी राहीन. शिवमही येतो म्हणाला, मुकेशशी तो बोलणार आहे. आत गेल्यावर डॉक्टर विचारतील, कुठे दुखतं. त्या वेळी तू गप्प राहा. मुकेशला बोलू दे. तो लाजला तर मी सांगीन. मला तो शब्द आता येतो.

राखी माझ्या पिशवीत असेल. तपासून बाहेर आलात की तिथेच बाकावर बसून बांधीन, पौर्णिमेची वाट पाहणार नाही. नाही आलास तर ती पिशवीतच राहील, यंदाही आणि पुढेही.

तुझी बहीण म्हणून सही सोमवारी करीन. आज एवढीच,

शिवमची आई