मामाच्या मृत्युपत्राचा पत्ता

४ फेब्रुवारी, सोमवार

बॉस्को आज फीत घेऊन अंगण मोजत होता! मॅलकीमामाला जाऊन अजून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत. मावसभाऊ म्हणून चहा दिला, सोडा ब्रेड दिला. लोणी मागून मागून खाल्लं आणि मग म्हणाला, "मृत्युपत्र नसेल तर तुझं निम्मं, माझं निम्मं. पवनचक्कीवाले घरासकट जागा घ्यायला तयार आहेत."

आणि मी कुठं जायचं? डब्लिनमधली खोली सोडून आले. नऊ वर्षं मामाचं सगळं केलं, अगदी हगणंमुतणंसुद्धा. तो म्हणायचा, लिहून ठेवलंय गं सगळं, घर तुझंच आहे. कुठं ठेवलंय ते विचारलं की रेडिओ मोठा करायचा.

५ फेब्रुवारी

कपाटं, बिस्किटांचे डबे, गादीखाली, गाईच्या गोठ्यातसुद्धा. नाही.

७ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर ब्रेहनीसाहेबांचे प्रश्न टाइप केले. साहेब आमचे खासदार. नियोजन खात्यावर देखरेख करणाऱ्या संसदेच्या समितीत बसतात. बांधकामाच्या परवानग्या का अडकतात, फायली कुठं हरवतात - चौतीस प्रश्न! म्हटलं, साहेब, गोठ्याला पत्रा घातला तरी त्याची सरकारदरबारी नोंद असते, मग माणसाच्या मृत्युपत्राची का नसते? कोणत्या वकिलाकडे आहे ते बघायला एक वही तरी नको का?

साहेब म्हणाले, त्याचं विधेयक आहे ना! ते स्वतःच त्यावर बोलले होते म्हणे. मग ते कुठं गेलं? निवडणूक आली, विधेयक बुडालं. पुन्हा मांडलं, आता दुसऱ्या कुठल्यातरी समितीत आहे. कधी बाहेर येईल ते साहेबांनाही ठाऊक नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब. मला काही कळेना. अडलंय ते, की मेलंय?

१२ फेब्रुवारी

जिल्ह्यातले सगळे वकील फोन करून संपले. कोणी म्हणतं वकिलांच्या मासिकात जाहिरात द्या, कोणी म्हणतं बँकेत विचारा. बँक म्हणते वकिलाला विचारा. एकीने तर विचारलं, मृत्युपत्र होतं याची खात्री आहे का?

होती. आता नाही.

मामा खोटं बोलला असेल का? मी राहावं म्हणून? असं मनात आलं याची लाज वाटते, पण आलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

मामाला जाऊन महिना झाला, त्याची चर्चमध्ये प्रार्थना झाली. हॅमची सँडविचं संपली, माणसं पांगली. शेजारची नेली भांडी पुसायला थांबली. सहज बोलली की तीन वर्षांपूर्वी मामा चांगला सूट घालून एनिसच्या बसमध्ये बसलेला तिनं पाहिला होता. एनिस! तीन जिल्हे ओलांडून! तिथं त्याच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.

"म्हणूनच गेला असेल," नेली म्हणाली. "इथं वकिलाकडे टायपिंगला कोण आहे? बॉस्कोची मेहुणी. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी पबमध्ये."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मामा, मूठ माझ्यापासूनही झाकलीस रे?

२२ फेब्रुवारी

एनिसमधला सातवा फोन. एक म्हातारे वकील. मामाने तिथं बंद पाकीट ठेवलंय! स्वतःच्या हाताने लिहिलेलं, वकिलाला वाचूही दिलं नाही, फक्त सांभाळायला दिलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मामा खोटं बोलला नव्हता. सोमवारी जायचं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

मामाचंच अक्षर. घर, गोठा, वरचं शेत - सगळं माझ्या नावे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या: पोस्टमन लोर्कनची आणि माझी. तेव्हा आठवलं. पवनचक्क्यांविरुद्धची हरकत आहे, दोघं इथंच टेबलाशी बसा आणि खाली सही करा, असं मामा म्हणाला होता. वरचा मजकूर वर्तमानपत्राखाली होता. मी विचारलंही नाही.

वकिलांनी चष्मा काढला. "साक्षीला जो सही करतो, बाई, त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. घर तुम्हा दोघा भावंडांत निम्मं निम्मं होईल. त्यांनी दुसऱ्या कुणालाही बसवलं असतं तर चाललं असतं."

दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वासच नव्हता.