बाजेखालची शेगडी

नाना, आज मी तुमची भट्टी सगळ्यात वर लिहून आले. देशाचा कार्बन कमी करायचा तर आधी कोणत्या धंद्याला हात घालायचा, हे ठरवायला दिल्लीत आमची समिती बसली होती. वीजघरं, पोलाद, सिमेंट, मोटारी, विटा, घरोघरच्या चुली, सगळं टेबलावर होतं. तुम्हाला हसू आलं असतं. धुळ्याच्या वेशीबाहेर आपल्या वीटभट्टीचा धूर गावावर उतरायचा, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघत खुशीत पान लावायचात.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती कडाक्याच्या थंडीत. त्या साली कोळशाच्या वॅगनी येत नव्हत्या. आईने माझ्या बाजेखाली शेगडी ठेवली होती, वर ओवा टाकायची, माझी कंबर आणि पोरीची टाळू शेकायची. पाचवी पुजली त्याच दिवशी तुम्ही ओसरीवर मुकादमाला घेऊन बसलात, कोणाकोणाचा कोळसा तोडायचा ते ठरवायला. पडद्याआडून मी ऐकते आहे. "ज्याले तोंड नही, त्याना कोयसा पहिले बंद करा," तुम्ही म्हणता. मजुरांच्या झोपड्यांपुढच्या शेकोट्या गेल्या, न्हाणीतला बंब गेला, मग माझी शेगडी. आई दारातून म्हणाली, "सारा कोयसा भट्टीमा गया का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भट्टी पेटेल शे. पोरले काय, चार दिन गोधडी बास."

दुसऱ्या दिवशी आईने भट्टीवरून घमेल्यात निखारे आणून माझ्या शेगडीत घातले. तुम्ही तिच्या मागोमाग खोलीत आलात, बाळंतिणीच्या खोलीत, जिथे पुरुष येत नाहीत. तांब्या उचललात आणि माझ्याकडे बघत त्या निखाऱ्यांवर ओतलात. राखेचं काळं पाणी बाजेखालून उंबऱ्यापर्यंत गेलं. आई फडकं घेऊन पुसत बसली. त्या पुसण्यासाठी मी तिला कधी माफ केलं नाही, ती गेल्यावरही नाही.

तुमचं गणित चुकीचं नव्हतं. पेटलेल्या भट्टीचा कोळसा मध्येच तोडला तर सगळा माल कच्चा निघतो, हे मलाही कळत होतं. विटा लालबुंद निघाल्या. सासरी जाताना तुम्ही काठाची साडी दिलीत. ती मी घडीही न मोडता मोलकरणीला देऊन टाकली, आणि तिच्या अंगावर बघून मला बरं वाटत राहिलं.

तुम्ही गेल्यापासून भट्टी धाकटा भाऊ चालवतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. "अक्का, भट्टीनं नाव खाले ठेव. मना घरमा लहान पोरं शेतस." मी म्हटलं, बघते.

बैठकीत मी म्हणाले, आधी वीटभट्ट्या. एकाने विचारलं, वीजघरं का नाहीत? वीजघरापुढे आपली भट्टी म्हणजे उदबत्ती, हे मला माहीत आहे, असल्याच अभ्यासाचा पगार घेते मी. तरी मी सांगितलं की भट्ट्या नाही धरल्या तर सगळा भार खेड्यातल्या बायकांच्या चुलींवर येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. वीजघरांचा अधिकारी समोरच बसला होता, त्याने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी दोन खाल्ली.

धाकट्याला उद्या परवा कळेल. त्याची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली आहेत, आणि मला वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून संध्याकाळपासून वाट बघते आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि त्याच्यापर्यंत मी पोचू देणार नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या टेबलाशी वीजघरांचा माणूस होता, सिमेंटचा होता, पोलादाचा होता. कोणाकोणाला बोलवायचं ते मला विचारलं होतं. भट्टीवाल्यांचं नाव मी सुचवलं नाही.