कापसाच्या काट्यावरचे प्रवासी

आबा, धुळ्याच्या शाळेत आज तुमच्या या लेकीनं मुलींना सांगितलं, की १९५३ साली सरकारनं देशांतर्गत उड्डाणं करणाऱ्या खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन एक केल्या. एकीनं विचारलं, "मग त्यांची माणसं कुठं गेली, बाई?" मी म्हटलं, "सरकारनं सामावून घेतली." म्हणताच तुम्ही आठवलात.

जळगावात स्टेशनाजवळच्या दुकानात तुम्ही अशाच एका कंपनीची तिकिटं विकत होतात. विमान सुटायचं मुंबईहून. पण तिथं माणसांनाही तोलतात, हे ऐकल्यापासून तुम्ही गिऱ्हाइकाला इथंच शेजारच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन कापसाच्या काट्यावर बसवायचात. धरणगावचे जाडजूड व्यापारी पारड्यातून ओरडायचे, "आबा, माले काय कापूस समजी राह्यनात का?" तुम्ही वजनावरची नजर न काढता म्हणायचात, "कापूस जास्त भरना तर गाडीना बैल दमतीन. तुम्ही भरनात तर इमान खाले ई!" दसऱ्याला त्या परक्या काट्यालाही तुम्ही झेंडू वाहायचात.

कंपन्या एक झाल्या तेव्हा मी बी.ए.ला होते, घरातली पहिलीच. कॉलेजच्या वादसभेत मी तावातावानं बोलले, की विमानं मूठभर शेठजींची नकोत, देशाची हवीत. शेवटच्या रांगेत बसून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. परतताना टांग्यात विचारलंत, "सरकार आपलंच शे ना, पोरी? मंग माले कोन काढी?"

"कुणीच नाही, आबा." मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही दुकानाच्या पाटीवरचं कंपनीचं नाव पुसून 'सरकारी विमानसेवा' रंगवून घेतलंत. पण तुमची एजन्सी चालू ठेवायचा सरकारी हुकूम काही आला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचात, "ई, आज ना उद्या ई. मोठं घर शे, आवराले येळ लागी." त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, तेव्हाही पाटी तशीच होती.

कंपन्या सरकारनं घेतल्या ते योग्यच झालं, असं मला आजही वाटतं. मग मुलींना तुमच्या पाटीचं का नाही सांगितलं? कुणी तुम्हांला काढलं असतं, तर रागवायला माणूस तरी मिळाला असता. तुम्ही भरवसा ठेवलात तो सरकारवर, की माझ्यावर, तेही कळत नाही.

मागे जळगावला गेले तेव्हा त्याच जिनात शिरले आणि मला काट्यावर बसू द्या म्हटलं. तोलारी हसला. "कुठं निघालात, ताई?"

"विमानानं मुंबईला," मी म्हणाले.

आबा, मी अजून विमान जवळून पाहिलेलंसुद्धा नाही. तुम्ही तरी कधी पाहिलं होतंत का? विचारायचं राहूनच गेलं.