जेवलास का

नेपल्स, ५ मे २०२५

उन्नतीच्या बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी इटलीला सुखरूप पोचलो. जन्मभर तुम्हाला भाविकचे बाबा म्हणत आले, पण चार वर्षांपूर्वी तुम्हीच ते नाव घरात बंद केलंत, म्हणून आता लेकीच्या नावानं हाक मारते. तुमच्या कानाला फोन लावून उपयोग नाही आणि बोटांना टायपिंग जमत नाही, तेव्हा ठरल्याप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतेय. तुम्हीही नामाकडून तसंच करून घ्या. तुमचा मुकादम होता, एवढं करील.

इथं गल्लीत दोऱ्यांवर कपडे, खाली आरडाओरडा, अगदी आपल्या भिवंडीसारखं. आणि माणसं हातांनी बोलतात हो! आपण कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात बोलायचो ना, तस्सं. एक भाजीवाला पाचही बोटं जुळवून माझ्याकडे हलवत होता. मला वाटलं, जेवलीस का विचारतोय, आपल्या कारखान्यात तसंच विचारायचे ना. मी पोटावर हात फिरवून जेवले म्हणून सांगितलं. उन्नती हसून हसून लोळली. तो म्हणे विचारत होता, बाई, तुला नक्की हवंय काय!

शेवटचा मुक्काम कोमोला, भाविकच्या गावी आहे. त्या गावाचं नाव वाचूनच तुम्ही स्वतःचं तिकीट रद्द करायला लावलंत. मी आपल्या लेकाच्या दारात जाऊ की नको, तेवढं कळवा. जीव थाऱ्यावर नाही माझा.

लोभ आहेच, तो रागाखाली झाकून ठेवू नये.
हौसा

टेमघर, भिवंडी, ७ मे

सौ. हौसास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक हाय. परवा शेवटचे लूम भंगारवाला घेऊन गेला. कारखान्याचं आता गोदाम होणार. लूमचा आवाज माझ्या कानात कधीचाच शिरत नव्हता, पण लादीतून पायाला थरथर लागायची. आता पाय जमिनीवर ठेवला तरी काय लागत न्हाय. बसवत न्हाय मला. सकाळी कोनला जाऊन आलो, काम काय नव्हतं. मग नामाच्या गाडीवर अंबाडीला गेलो आणि भला मोठा भोपळा घेऊन आलो. घरात खाणारं कोण? नामा हात जोडून म्हणाला, शेठ, अब बैठो भी.

तुझ्या लेकाचं मला विचारू नको. भर कारखान्यात, कारीगरांसमोर म्हणाला, तुमच्यासारखं बहिरं होऊन मरायचं न्हाय मला. मी ऐकलं न्हाय, ओठांवरून वाचलं. आणि गेला कुठं? परक्याच्या लूमवर! तुला जायचं तर जा, तुझं पोर हाय. मला मधे घेऊ नको.

तिकडं भात मिळतो का? तब्येतीला जप. बाकी भेटीअंती.
बाळाराम

व्हेनिस, १० मे

उन्नतीच्या बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भोपळा वाचून पोट दुखेपर्यंत हसले. नामाच्या बायकोला नेऊन द्या, ती भाजी करील.

या देशात चार तास बस चालली की सगळंच बदलतं. टस्कनीत पावात मीठच घालत नाहीत, मी बॅगेतली सुकी चटणी लावून खाल्ला. इथल्या बाजारात कोळणी आहेत, मासळीवरून गिऱ्हाइकाला अशा झापतात की माहेर आठवलं. उद्याच्या वाटेवर भातखाचरं लागतात म्हणे, म्हणजे भाताची काळजी नको. पण उत्तरेला सरकतोय तसे माणसांचे हात खिशात जायला लागलेत. मला कुणाचं काही कळेनासं झालंय.

खरं सांगू, मला भीती वाटतेय. भाविकला येतेय म्हणून कळवलं, त्याचं उत्तर नुसतं "बरं". त्यानं दारातूनच परतवून लावलं तर मी काय करू? त्याच्यासाठी सुकटीची पुडी घट्ट बांधून आणलीय, त्या वासानं उन्नती बेजार आहे. पुडी परत आणायची वेळ येऊ नये.

गोळ्या चुकवू नका, माया पातळ करू नका.
हौसा

कोमो, १३ मे

भाविकच्या बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हो, हेच लिहिणार मी. रागवा खुशाल.

इथं मोठं तळं आहे आणि रेशमाच्या गिरण्या. भाविक लूम दुरुस्त करतो. घरी जायचा धीर होईना, म्हणून उन्नतीनं मला थेट गिरणीत नेलं. तिनं साहेबाला विनवलं, तेव्हा त्यानं आत सोडलं. केवढा तो खडखडाट! भाविक लांब उभा, कानांवर झाकणं घालून. हाक मारून काय ऐकू जाणार? माझा हात आपोआप वर गेला. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलास का.

त्यानं लूम बंद केला आणि तिथंच खाली बसून रडला हो.

मग घरी बोलला. म्हणाला, तोंडातून शब्द गेला त्या दिवसापासून झोप गोड नाही. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन करून काय बोलू? मी म्हटलं, शहाण्या, कारखान्यात बाप तुझ्याशी तोंडानं बोलायचा का कधी?

उद्या दुपारी तो व्हिडिओ कॉल करील. नामाला फोन धरायला सांगा. भांडायचं तर हातांनी भांडा, पण उचला. आजवर तुमच्याकडे दागिना मागितला नाही, हे मागतेय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
हौसा

टेमघर, १५ मे

सौ. हौसास,
अनेक आशीर्वाद.

उचलला. काल सकाळपासून उंबऱ्यात दहा खेपा घातल्या, पण उचलला. नामानं फोन धरला होता.

वाळलाय पोरगा. दाढी ठेवलीय, शोभत न्हाय. त्यानं दोन्ही कान धरले. मी तोंड फिरवणार होतो, हौसे, देवाशपथ. तेवढ्यात त्यानं पाची बोटं जुळवली, तोंडाकडे नेली आणि भुवया वर केल्या.

मी जेवलेला होतो. नामाच्या घरून त्याच भोपळ्याची भाजी आलेली, दोनदा वाढून घेतली होती. तरी मी मान हलवली, न्हाय म्हणालो. त्याच्याकडे बोट केलं, मग खाली जमिनीवर आपल्या बाजूची जागा थोपटली. त्याला कळलं. डोळे पुसत बसला येडा.

कधी येतो ते त्याला नीट विचार. तवर नामाला बजावून ठेवलंय, कुणी इचारलं तर सांगायचं, शेठ अजून जेवले न्हाय.

सुकट सगळी त्यालाच दे. दोघींनी नीट या, त्याचा लोभ तेवढा घेऊन या.
बाळाराम