कैलासाचा दगड कुठं गेला

आई,

परवा शेजारची सून आली होती. सुट्टीत पोरांना कुठं न्यावं, हे विचारायला. ‘काकू, तुमचं सगळं आयुष्य संग्रहालयात गेलं, तुम्हीच सांगा आपल्या राज्यात बघण्यासारखं काय काय आहे,’ म्हणाली. हा प्रश्न मला आवडतो आणि त्याचा मला रागही येतो. आवडतो, कारण मग मला तासभर बोलता येतं आणि समोरच्याला उठता येत नाही. राग येतो, कारण लोकांना ठिकाणं बघायची नसतात, उरकायची असतात. तरी मी सांगितलं. रायगडावर जा, पण वर पोचल्याबरोबर फोटो काढू नका, आधी जरा गप्प उभे राहा. कार्ल्याच्या लेण्यात मान वर करून छताच्या लाकडी कमानी बघा, लाकूड इतकी शतकं टिकतं यावर विश्वास बसत नाही. नागपूरला गेलात तर तिथलं संग्रहालय चुकवू नका. लांब जायचं नसेल तर आमच्याकडचा शिरगावचा किल्ला बघा, त्याच्या बुरुजात समुद्राचा वारा कसा घुमतो ते ऐका. आणि सगळ्यांच्या आधी वेरूळ. ‘वेरूळला एवढं काय आहे?’ ती म्हणाली. तेव्हा मी थांबले, कारण ते सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती आणि तिचा दूधवाला यायची वेळ झाली होती.

म्हणून तुलाच लिहायला बसले आहे. आपली वाडी आठवते आहे, घिवलीच्या अलीकडची. नारळ, केळी, कडेला पानवेली, आणि मधोमध बावखल. इथल्या लोकांना बावखल म्हटलं की समजत नाही, मग मला विहीर आणि तळं यांच्या मधलं काहीतरी असं सांगावं लागतं, चहूबाजूंनी उतरती, वाडीला पाणी पुरवणारी. ती तू आणि बाबांनी खणली, मी जन्मायच्या आधी. बाबा खणत होते आणि तू पाटीतून माती वाहत होतीस. आपल्या घरात खड्ड्याची जागा आधी ठरत नसे, मातीची ठरत असे. जिथं माती पडणार तिथं नारळ फोडायचा, पहिली पाटी तिथं ओतायची, आणि मग कुदळ. त्या भरावाचंच जोतं झालं आणि त्यावर आपलं घर उभं राहिलं. पावसाळ्यात सगळी आळी पाण्यात असताना आपला ओटा कोरडा असायचा, आणि तू त्यावर पाय पसरून बसायचीस. हे माझ्या डोक्यावरून आलं आहे, असं तू कौतुकानं सांगायचीस आणि आम्ही पोरं हसायचो.

माझ्या शाळेतले सर घरी आले तो दिवस मला स्वच्छ दिसतो. वीजघराचं काम नुकतं सुरू झालं होतं, बोईसरपासून समुद्रापर्यंतचा रस्ता दिवसभर लाल धुळीनं भरलेला असायचा, आणि सर सायकलवरून आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा लाल झाल्या होत्या. शाळेची सहल देवगिरी, वेरूळ, अजिंठ्याला निघाली होती. मुली तीनच होत्या, आणि सोबत कोणी बाईमाणूस आल्याशिवाय त्यांना नेता येत नव्हतं. बाबांनी सरांना चहा दिला आणि नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरीची शाळा या उन्हाळ्यात बंदच होणार आहे, मग हा खर्च कशाला. माझी शाळा बंद होणार हे मला ठाऊक होतं. ते चारचौघांत बोललेलं मात्र तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, आणि मी आत जाऊन केळीच्या घडांमागं बसले. तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, ‘मी जाते पोरींसंगं. शेवटची तर शेवटची, बघून येऊ द्या तिला.’ बाबा उठून वाडीत गेले. वाडीचं शिंपणं आता आपल्यालाच करावं लागणार, एवढं त्यांना कळलं असावं.

आई, त्या एस्टीत तू केलेले प्रताप मी अजून लोकांना सांगते. सुके बोंबील भाजून डब्यात भरून आणले होतेस, आणि जव्हारच्या घाटात डबा उघडलास तेव्हा थंडीचे दिवस असूनही सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. सरांनीच मग पहिला बोंबील मागून घेतला. मासवणपर्यंत तू बडबडत होतीस, कारण तिथवरचा रस्ता तुझ्या ओळखीचा होता, कुणाच्या तरी लग्नाला गेली होतीस. मनोर मागं पडलं आणि तू गप्प झालीस. मला वाटलं गाडी लागली. पण नाही, तू बघत होतीस. डोंगर, उतारावर कापून नेलेली वरीची शेतं, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाया, सगळं. नाशिक येईपर्यंत तू पापणी लववली असशील असं मला वाटत नाही.

औरंगाबादेत एका शाळेत मुक्काम होता. सकाळी आधी देवगिरी. तिथला खडकात कापून काढलेला खंदक बघून तू कठड्याशी वाकलीस आणि सरांना विचारलंस, यातून निघालेला दगड कुठं टाकला? सर म्हणाले, तटाला वापरला असणार, बाई. तू तटाकडे बघितलंस, मान हलवलीस, आणि तुझं समाधान झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी सगळे तोफा बघत होते आणि माझी आई दगड-मातीची चौकशी करत होती. बरोबरच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

आणि मग वेरूळ. सरांनी शहाणपणा केला. आम्हाला खालून दरवाजातून आत नेलंच नाही, बाजूच्या डोंगरावरून वर चढवलं. धापा टाकत कड्याशी पोचलो आणि सर म्हणाले, आता खाली बघा. मी बघितलं. आणि काय सांगू, आज इतकी देवळं, लेणी, गड बघून झाले, पण तसं पुन्हा काही दिसलं नाही. डोंगराच्या पोटात खोल चौकोनी खड्डा आणि त्या खड्ड्यात तळापासून उभं राहिलेलं अख्खं देऊळ, शिखर, हत्ती, खांब, सगळं एकाच खडकाचं. वरचे सिंह जवळजवळ आपल्या पायांशी आणि खाली अंगणातली माणसं मुंगळ्याएवढी. कायम दंगा करणारी मुलं कड्याशी पालथी पडून खाली बघत होती. सर हळू आवाजात सांगत होते की या कैलास लेण्यात एकही दगड बाहेरून आणलेला नाही, वरून खाली खणत गेले आणि देऊळ तेवढं ठेवलं. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की बांगडी रुतत होती. मग तू खाली बसलीस, तिथंच, खडकावर.

‘म्हंजे बावखल हाय ही,’ तू म्हणालीस. कोणी हसलं नाही. मग सरांकडे वळून म्हणालीस, ‘येवरा दगड काडला. तो कुटं हाय? आनि ज्यांनी तो डोक्यावरनं वायला, त्यांची घरां कुटं हायत?’

राजाचं नाव सांगता येईल, सर म्हणाले, पण हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, ‘शोधावं लागेल बाई. आणि ते शोधायला पुष्कळ शिकावं लागतं.’ ते हे सहज म्हणाले की माझ्याकडे बघून म्हणाले, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. सर दिसायला साधे होते, पण बनेल होते. तू मात्र ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून घरी आणलंस. अंगणात उतरल्यावर तू हत्ती बघितले नाहीस, देव बघितले नाहीस. भिंतींवरचे छिन्नीचे घाव हातानं चाचपत फिरलीस. दुसऱ्या दिवशी अजिंठ्यात सगळे चित्रांपुढं थक्क होऊन उभे होते, मीसुद्धा. तू बाहेर पायरीवर बसून समोरच्या दरीत बघत होतीस. मला माहीत होतं, तू दगड शोधत होतीस.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय बघितलं? तू ओट्यावर बसून पाय चोळत होतीस. ‘पोरगी शिकंल,’ तू म्हणालीस. बाबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मग तू सगळं सांगितलंस, खड्डा, देऊळ, दगड. बाबा म्हणाले त्या दगडाशी आपल्याला काय करायचंय. आणि तेव्हा तू जे बोललीस ते मी पुढं नोकरीच्या मुलाखतीत, भाषणांत, कुठं कुठं वापरलं, तुझं नाव न घेता. ‘ह्या जोत्याची माती मी वायली,’ तू म्हणालीस. ‘मी बसलीय तिच्यावर. ती लोकां कुटं बसली, ते मला समजलं पायजे. मला तर वाचता येत नाय. ती वाचंल आनि मला सांगंल.’ बाबांनी बिडी विझवली. म्हणाले, दगडापायी पोरीला शिकवणारी बाय आजवर बगितली नव्हती. तेवढ्यावर माझी शाळा चालू राहिली. मी त्या संध्याकाळी बावखलीच्या कडेला जाऊन रडले, आनंदानं, आणि तू मला पाणी आणायला हाक मारलीस.

नंतर तू एकदा मला वीजघराचं काम बघायला घेऊन गेलीस. किनाऱ्याजवळ केवढा थोरला खड्डा, त्यात यंत्रं आणि माणसं, आणि ट्रक वर येताहेत, जाताहेत. एक कामगार ‘माताजी, पीछे हटो’ म्हणत आला, तर तू त्यालाच धरलंस. माती कुठं टाकता? त्याला तुझी भाषा कळेना. मी हिंदीत विचारलं. त्यानं हात करून दाखवलं, उधर, भराव चल रहा है. तू खुशीत मान डोलावलीस. ज्यांना विचारायचं ते अजून जिवंत आहेत, याचं तुला बरं वाटलं असेल.

मग मी शिकतच गेले. तालुक्याला, मग मुंबईला, मग आणखी लांब. सुट्टीत घरी आले की तू तब्येतीच्या आधी त्या दगडाचं विचारायचीस, ‘गावला?’ मी म्हणायचे, नाही गं. ‘बरं. बघ.’ एवढंच. मी विद्यार्थिनी म्हणून, पुढं नोकरीत, राज्यातली जवळजवळ सगळी जुनी ठिकाणं पायाखाली घातली. लोक शिल्प बघायचे, मी आधी मागं जाऊन उतारावर काय पडलंय ते बघायचे. बरोबरीचे लोक मला हसायचे, जशा त्या मुली तुला हसत होत्या. बाबासुद्धा मला दगडाची पोर म्हणायचे, पण ते कौतुकानं. संग्रहालयातली नोकरी लागल्याचं सांगायला आले तेव्हा तू अंथरुणाला खिळलेली होतीस, ओट्यावरच, वारा लागावा म्हणून. पेढा जिभेवर ठेवलास आणि विचारलंस, ‘गावला?’ माझ्या मनात आलं, हो म्हणावं. पण तुझ्याशी खोटं बोलायची मला कधी हिंमत झाली नाही. नाही गं आई, म्हटलं. आणि तू हसलीस. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. ‘बरा जाला,’ म्हणालीस, ‘मंग हाय तुला काम.’ आठवड्याच्या आत तू गेलीस.

मागच्या थंडीत मी गावी जाऊन आले. घर उतरवलं आहे, बावखल कधीच बुजवली, आता तिथं गवत आहे. जोतं मात्र आहे, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पुरुषभर उंच. मी त्यावर चढून उभी राहिले आणि खाली बघितलं. तुझ्या डोक्यावरून एवढं सगळं आलं, हे मला म्हातारपणी पहिल्यांदा खरं वाटलं. मला कैलासापुढं वाटलं होतं तेच वाटलं. तिथं बघण्यासारखं काही नाही, म्हणून शेजारच्या सुनेला मी तो पत्ता दिला नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. आणि पाठवायचं म्हटलं तरी तुला ते वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली. पाचेक वर्षांमागं वेरूळला गेले होते, तिथं एक तरुण अभ्यासक भेटला, माझ्याकडेच शिकलेला. त्याला तुझा प्रश्न ठाऊक होता, संग्रहालयात मी वर्ग घ्यायचे तिथं मीच सांगितलेला. तो धावत आला आणि म्हणाला, बाई, चला, खाली उतारावर आहे, दगड कुठं गेला असावा ते मला बहुतेक सापडलंय, मी दाखवतो. दहा मिनिटांची चाल होती. तो पुढं निघालासुद्धा. मला ओट्यावरचं तुझं ते हसू आठवलं. मी त्याला म्हटलं, तू जा रे बाबा, माझे गुडघे दुखतात.

गुडघे दुखत नव्हते, आई.